मिशीएवढं अंतर

जुळ्या भावांच्या सिनेमातल्या नायिकेला एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला हवं, असं माझं फार दिवसांचं मत आहे. एरवी या बाईंची ज्ञानेंद्रियं अगदी तल्लख असतात. डोंगराच्या पल्याड नायकाने नुसता आलाप घेतला तरी यांना अल्याड ऐकू येतो आणि त्या पदर सावरत धावत सुटतात. पण त्याच नायकाच्या जागी त्याचा जुळा भाऊ येऊन उभा राहू दे, बाईसाहेब खुशाल त्याच्या खांद्यावर मान टाकून मोकळ्या! एकाचं चालणं खालमानेचं, दुसऱ्याचं छाती काढून. एक मुखदुर्बळ, दुसरा तोंडाळ. पण हिच्या मनात शंकेची पाल काही चुकचुकत नाही. आमच्या घरी वाण्याने तूरडाळ बदलून दिली, तर डब्यात ओततानाच्या आवाजावरून आमच्या हिला ते कळतं.

मी हे तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, डाळ रोज शिजवावी लागते. नवऱ्याकडे रोज कोण बघतंय?"

या विधानाकडे आपण पुढे वळू. तूर्त एवढंच सांगतो की हा विषय हलका म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. आमची विद्वान समीक्षक मंडळी डबल रोल म्हटला की नाकाला रुमाल लावतात. पण आपल्याकडे डबल रोल जवळजवळ सिनेमाइतकाच जुना आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली 'लंकादहन' काढला, त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या. हे साळुंके मूळचे उपाहारगृहातले कामगार. सिनेमात काम करायला बाई मिळेना म्हणून 'राजा हरिश्चंद्र'मध्ये दादासाहेबांनी त्यांना तारामती केलं होतं, आणि नंतर बढती देऊन एकदम दांपत्य केलं. इतका एकजीव संसार पडद्यावर त्यानंतर झालेला नाही.

एकाच नटाला दोन जागी उभं करण्याची जुनी युक्तीही मोठी गमतीची होती. कॅमेऱ्याच्या भिंगाचा अर्धा भाग काळ्या पट्टीने झाकायचा. नटाने उघड्या बाजूला उभं राहून आपली वाक्यं म्हणून घ्यायची. मग फिल्म मागे गुंडाळायची, पट्टी दुसऱ्या बाजूला लावायची, आणि त्याच नटाने कपडे बदलून येऊन समोरच्या रिकाम्या हवेशी कडाकडा भांडायचं. कॅमेरा मात्र मधल्या वेळात तसूभर हलता कामा नये. म्हणून तर दोन भाऊ समोरासमोर आले की त्यांच्या मधोमध हटकून एखादा खांब, दाराची चौकट नाहीतर पडदा असे. त्याच्या आडून ती जोडाची रेघ जायची. आणि दोघांनी कडकडून मिठी मारली, की एकाचं तोंड दिसे आणि दुसऱ्याची नुसती पाठ. ती पाठ कुणा भलत्याच गरीब माणसाची. आम्ही पोरं सिनेमा बघताना ती रेघ शोधायचो. ज्याला आधी दिसेल तो बाकीच्यांना कोपर मारून दाखवायचा. आता संगणकाने ती रेघ पार पुसून टाकली आहे. भाऊ एकमेकांभोवती फेर धरून नाचतात आणि कुठे सांधा म्हणून दिसत नाही. मला याचं वाईट वाटतं. जुन्या सिनेमात निदान प्रेक्षकाला तरी कुठे शिवण आहे ते कळत होतं.

आता मुख्य मुद्दा. जुळ्यांच्या प्रेमकथेचा आपल्याकडचा मानबिंदू म्हणजे १९६७ सालचा दिलीपकुमारचा 'राम और श्याम'. गंमत म्हणजे ही गोष्ट स्वतःच एका बाळंतपणातली नव्हे. आधी १९६४ साली तेलुगूत 'रामुडू भीमुडू' आला, त्यात एन. टी. रामाराव. १९६५ साली तमिळमध्ये एम. जी. रामचंद्रन. दोघेही पुढे आपापल्या राज्याचे मुख्यमंत्री झाले. आपली गोष्ट मुंबईला पोहोचली ती दिलीपकुमारकडे, म्हणून त्याला फक्त उत्कृष्ट अभिनयाच्या पारितोषिकावर समाधान मानावं लागलं. मग १९७२ साली याच गोष्टीला लुगडं नेसवून 'सीता और गीता' केलं. म्हणजे जुळ्यांच्या गोष्टीलाच चार भावंडं!

राम हा भित्रा श्रीमंत. त्याची इस्टेट त्याच्या बहिणीचा नवरा गजेंद्र, म्हणजे प्राण, चाबकाच्या जोरावर सांभाळतो. श्याम हा गावाकडचा दांडगट. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. राम घरातून पळतो, श्यामही गाव सोडतो, आणि लोक ज्याला त्याला भलत्याच घरी नेऊन पोहोचवतात. यात एक बारीक गोष्ट आहे ती मला फार आवडते. यातला कुणीही आपण होऊन भावाचं सोंग घ्यायला निघालेला नाही. "तू राम आहेस" असं चारचौघांनी ठासून सांगितलं, की माणूस थोडा वेळ कुरकुर करतो आणि मग राम होतो. आपल्यापैकी निम्मे लोक नोकरीला लागले ते असेच.

दिलीपकुमारने काम काय केलं आहे! कपडे सारखे असले तरी रामचे खांदे निराळे आणि श्यामचे खांदे निराळे. रामच्या हातात वस्तू थरथरते, श्यामच्या हातात तीच वस्तू हत्यार वाटते. शेवटच्या रांगेतलं, आईच्या मांडीवरचं पोरसुद्धा 'हा राम' आणि 'हा श्याम' असं बोट दाखवून सांगेल. आणि इथेच सिनेमाची पंचाईत होते. नट जितका मोठा, तितकी नायिका आंधळी ठरते! एखाद्या ठोकळ्या नटाने दोन्ही भूमिका सारख्याच केल्या असत्या, तर वहिदा रहमानला आणि मुमताजला कुणी नावं ठेवली नसती.

पण या दोघी फसतात त्याला एक कारण आहे, आणि ते डोळ्यांच्या डॉक्टरच्या कक्षेत येत नाही. अंजना, म्हणजे वहिदा, हिने आधी खरा राम पाहिलेला आहे. लग्नाच्या बोलणीत हा गृहस्थ घाबरून चहा सांडतो. पुढे तिला तोच चेहरा भेटतो, पण हा ताठ चालतो, हसतो, चार शब्द बोलतो. तिकडे शांताला, म्हणजे मुमताजला, गावात ज्याच्याशी आपले खटके उडायचे तो एकाएकी खाली बघून मृदू बोलताना दिसतो. दोघींनी काय समजावं? माणूस बदलला असं नव्हे. माणूस सुधारला असं! एक म्हणते, बरं झालं, धीट झाला. दुसरी म्हणते, बरं झालं, मवाळ झाला. आपण ज्याला पत्करलं तो आज ना उद्या सुधारेल, या आशेवर किती संसार चाललेत ते मी सांगायला नको. त्या आशेला फळ आलेलं दिसत असताना कुठली बाई चौकशी करत बसेल, की हे फळ आपल्याच झाडाचं की शेजारच्या?

शेवटी दिग्दर्शक तापी चाणक्य दोन्ही जोड्या नीट लावून देतात. अंजनाला जो आवडला तो श्याम, शांताला जो आवडला तो राम, ज्याची त्याला. हिशेब चुकता. पण ज्या घटकेला अंजनाला कळलं, की आपण महिनोन्‌महिने ज्या नावाने हाक मारत होतो ते नाव या माणसाचं नाहीच, ती घटका मला हवी होती. दोन मिनिटं पुरली असती. चाबकाच्या फटक्यांना याच सिनेमाने किती वेळ दिला आहे! श्याम गजेंद्राच्या हातातला चाबूक हिसकावून त्यालाच फोडून काढतो, तेव्हा थिएटरात टाळ्या, शिट्ट्या आणि नाणी. मीही वाजवल्या. पण चाबकाने उगवलेला सूड आणि नावाने झालेली फसवणूक यांत दुसरी गोष्ट अधिक टिकाऊ असते.

शेक्सपीयरसाहेबानेही इथे अंग चोरलं आहे, म्हणून एकट्या चाणक्यांना बोल लावत नाही. त्याच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'चा प्रयोग १६०२ सालच्या फेब्रुवारीत लंडनमध्ये वकिलांच्या मंडळींपुढे झाल्याची नोंद आहे. जहाज फुटतं, व्हायोला वाचते. तिला वाटतं जुळा भाऊ सबॅस्टियन बुडाला. ती पुरुषाचे कपडे चढवून एका सरदाराकडे नोकरीला राहते. त्या सरदाराचे निरोप ज्या ऑलिव्हियाकडे न्यायचे, ती सरदाराला सोडून निरोप्याच्याच प्रेमात पडते. मग खरा सबॅस्टियन जिवंत उगवतो. ऑलिव्हिया त्याला निरोप्या समजून थेट धर्मगुरूपुढे नेते आणि लग्न लावून टाकते. सबॅस्टियनची काय प्रतिक्रिया? स्वप्न पडलंय की वेड लागलंय, असा थोडा संशय येतो. पण बाई देखणी आहे, वाडा मोठा आहे, तेव्हा गडी बोहल्यावर उभा राहतो. सत्य उघडकीला आल्यावर ऑलिव्हियाने काय म्हणावं? जवळजवळ काही नाही. मुलगी भावाचं रूप घेते, आणि बायको भावाला मिळते.

कुणी शास्त्र शिकलेला माणूस इथे लगेच हात वर करील, की मुलगा आणि मुलगी अशी जुळी कधी हुबेहूब सारखी नसतात. ती साध्या बहीणभावांइतकीच सारखी. शास्त्र खरं आहे. पण शेक्सपीयरला जुळ्यांबद्दल ऐकीव माहितीवर लिहायची गरज नव्हती. त्याच्याच घरी १५८५ साली मुलगा आणि मुलगी अशी जुळी झाली होती, हॅम्नेट आणि ज्युडिथ. त्यातला मुलगा १५९६ साली, अकरा वर्षांचा असताना गेला. पुढे पाच-सहा वर्षांत हा गृहस्थ नाटक लिहितो, की बहिणीला भाऊ मेला असं वाटतंय, ती त्याच्यासारखा वेश करते, म्हणजे आरशात बघितलं की तो तिथे आहे. आणि शेवटच्या अंकात भाऊ चालत येतो. हे जाणूनबुजून लिहिलं की नाही यावर विद्वानांनी खुशाल भांडावं. मला मात्र ते नाटक वाचताना व्हायोलाच्या सोंगाला हसू येत नाही.

सोंग आणि ओळख यांचा प्रश्न आपल्या मराठी माणसाला तरी नवा वाटू नये. त्यासाठी आपल्याकडे 'तोतया' असा खणखणीत शब्दच आहे. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, पण ते खरंच पडले का, ही शंका पुण्यात वर्षानुवर्षं रेंगाळली. मग 'मीच भाऊ' म्हणणारा उपटला, त्याला मानणारे लोक निघाले, फौज जमली, आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन झालं. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. राजकारण काय व्हायचं ते झालं. पण वाड्यात पार्वतीबाई होत्या. त्यांनी पती गेल्याचं कधी मानलं नाही, कुंकू पुसलं नाही. भाऊ आल्याची बातमी त्यांच्या कानी गेली असेल, त्या संध्याकाळी त्या बाईने काय केलं असेल, हे नाटककाराने लिहायचं नाटक आहे. तिथे डाळीचा विनोद सुचत नाही.

हा प्रश्न ज्याने निदान अंगावर घेतला असा एक हिंदी सिनेमा म्हणजे १९६१ सालचा 'हम दोनो'. यातले दोन देव आनंद जुळे नव्हेत, नुसते सारखे. कॅप्टन आनंद आणि मेजर वर्मा. फरक एवढाच की मेजरला मिशी आहे. लढाईत मेजर बेपत्ता होतो, मेला असं समजतात. आनंद त्याच्या घरी बातमी सांगायला जातो, तर घरचे लोक त्यालाच मेजर समजतात. मेजरची बायको रूमा (नंदा) हृदयविकाराने आजारी. धक्का सोसवणार नाही असं डॉक्टर बजावतात. आता करतो काय? राहतो. म्हणजे हे सोंग दयेपोटी घेतलेलं, आणि ते लांबेल तितकं क्रूर होत जाणारं. नवरा घरात आहे पण अंतर राखून वागतो. रूमाला नवरा बदललाय हे समजतं, माणूस बदललाय हे समजत नाही. आणि आनंदची स्वतःची मीता (साधना) आहेच. तिच्याही मनात काटा रुतणार. दुसऱ्याचं रूप घेतलं तर त्याची किंमत घरातल्या बाईला मोजावी लागते, एवढं तरी हा सिनेमा कबूल करतो. नंदाने ते दुखावलेपण विनातक्रार दाखवलं आहे. देव आनंदबद्दल मात्र मला म्हणायचं आहे, की मिशी असो वा नसो, दोन्ही माणसं शेवटी देव आनंदच वाटतात. तेव्हा रूमाला दोष देता येत नाही!

आणि मिशीचा विषय निघालाच आहे, तर थेट 'गोलमाल'कडे जाऊ.

हृषीकेश मुखर्जींचा १९७९ सालचा हा सिनेमा मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही, कारण हे लिखाण ही वाचणार आहे. माझ्या मते जुळ्यांच्या सगळ्या प्रेमकथांत ही सर्वांत अस्सल. याचं कारण असं, की यात जुळा भाऊ नाहीच! रामप्रसाद दशरथप्रसाद शर्मा या सी. ए. झालेल्या पोराला नोकरी हवी आहे. मालक भवानीशंकर यांच्या मते ज्या पुरुषाला मिशी नाही त्याचं चारित्र्य संशयास्पद. खेळांची आवड, फॅशन, नावाला कात्री लावणं, हे सगळं अधःपतन. तेव्हा आपला राम मिशी ठेवून, खेळातलं ओ की ठो कळत नाही असं दाखवून, आखूड कुडता घालून जातो. तो कुडता देवेन वर्माच्या कृपेने मिळालेला. कुडता आखूड का, तर कापड वाचतं! भवानीशंकर धन्य होतात. मग एके दिवशी आई आजारी म्हणून रजा घेऊन हा पठ्ठ्या हॉकीच्या सामन्याला जातो, आणि तिथे मालक त्याला बघतात. आता नोकरी जाणार. तेव्हा रामप्रसाद एक जुळा भाऊ जन्माला घालतो: लक्ष्मणप्रसाद ऊर्फ लकी. बिनमिशीचा, बेकार, बेफिकीर.

पुढे थापेला थाप लागते. आईही भाड्याने आणावी लागते. दीना पाठक यांच्या त्या श्रीवास्तवबाई एका पार्टीत पकडल्या जातात, तेव्हा त्यांनाही चटकन एक जुळी बहीण सुचते. थापेतली जुळी प्रजा अशी वाढत जाते, की जनगणनावाल्यांनी हात टेकावे.

कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला हा सिनेमा नुसता विनोदी वाटत नाही, तो थोडा टोचतो. आमच्या कचेरीत एक साहेब होते. त्यांना कुणी हसलेलं चालत नसे. टेबलावर मासिक दिसलं तर ते दोन बोटांनी उचलून, मेलेल्या उंदरासारखं बाजूला ठेवत. त्यामुळे दहा ते साडेपाच आम्ही सगळे रामप्रसाद होतो. कसोटी सामन्यांच्या दिवसांत कितीकांच्या आज्या दोन-दोनदा वारल्या. लकी साडेपाचनंतर बाहेर पडायचा, तोही दमलेला. काही लोकांचा तर पुढे पडेनासाच झाला. निवृत्त होऊन घरी आले तरी मिशी तशीच. अमोल पालेकर स्वतः सिनेमात येण्याआधी बँकेत नोकरीला होता, म्हणूनच की काय, खालमानेने "जी" म्हणायची त्याची पद्धत कुठल्याही अभिनयाच्या शाळेत मिळणारी नाही. त्या भूमिकेला त्याला फिल्मफेअर मिळालं. उत्पल दत्तनाही मिळालं, आणि ते नसतं मिळालं तर मी मोर्चा काढला असता.

आता प्रेमाचं बघा. भवानीशंकरांची मुलगी ऊर्मिला (बिंदिया गोस्वामी) गाणं शिकवायला येणाऱ्या लकीच्या प्रेमात पडते. बापाला जावई हवा रामप्रसाद. एकाच माणसावर बापलेकीचं प्रेम, आणि तरी घरात भांडण! असा पेच शेक्सपीयरलाही सुचला नसता. बापाने मिशीवर प्रेम केलं, मुलीने मिशी नसलेल्या ओठांवरच्या हसण्यावर. आपण सगळे पटकन मुलीच्या बाजूचे होतो.

पण जरा थांबा. लकी तरी खरा आहे का? सुरुवातीला मित्रांबरोबर हसणारा, बहिणीची थट्टा करणारा, मनापासून अभ्यास केलेला जो रामप्रसाद आपण पाहिला, तो या दोघांच्याही मधे कुठेतरी आहे. लकीचा उद्धटपणासुद्धा बापाला दाखवण्यासाठी तिखटमीठ लावलेला. म्हणजे मुलीनेही सोंगावरच जीव जडवला. फक्त ते सोंग गोड होतं. इथे मुखर्जींसारखा जाणता दिग्दर्शकही पळ काढतो, आणि नुसता उपमेने नव्हे, खरोखरीच पळापळ सुरू करतो. उत्तरार्धातली ती धावाधाव मला लांबलेली वाटते. ऊर्मिलेच्या वाट्याला रुसणं, फसणं आणि गाणं शिकणं यापलीकडे फारसं येत नाही. तिला एकदा तरी निवांत बसून विचारायला हवं होतं, की बाई गं, उद्या संसाराला लागल्यावर हा दहा ते साडेपाच रामप्रसाद आणि उरलेला वेळ लकी असाही नसेल. कधीकधी महागाई बघून गप्प बसलेला तिसराच कुणीतरी असेल, त्याचं काय?

मी हा मुद्दा आमच्या हिच्यापुढे मोठ्या अभिमानाने मांडला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तिसऱ्याशीच लग्न होतं सगळ्यांचं. पहिले दोघं बघायच्या कार्यक्रमाला येतात." मग जरा थांबून, "तुमचा तो लकी मी दोनदा पाहिलाय. एकदा माथेरानला आणि एकदा मुलीच्या बारशाला." दोनदाच का, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिने माझ्यापुढे मेथीची जुडी सरकवली.

दक्षिणेत १९८१ साली के. बालचंदर यांनी हाच सिनेमा रजनीकांतला घेऊन केला, आणि त्यात रजनीकांतने मिशी उतरवली. तिकडच्या प्रेक्षकाला तो धक्का किती मोठा असेल याची कल्पना आपल्याला यायची नाही. आपल्याकडे तो धक्का बसतो शेवटी. सगळा उलगडा झाल्यावर, लग्न लागल्यावर कुटुंबाचा फोटो निघतो, आणि त्यात भवानीशंकरांनी चक्क मिशी काढलेली असते! एक अक्षर बोलत नाहीत. नुसते उघड्या ओठाने उभे. जन्मभर जिच्यावर माणसं पारखली ती गेल्यावर आरशात त्यांना कोण दिसलं, आणि त्या सकाळी न्हाणीघरातून बाहेर आल्यावर बहीण कालिंदीने, म्हणजे आपल्या शुभा खोट्यांनी, त्यांना ओळखलं की "आपण कोण?" म्हणून विचारलं, ते मात्र मुखर्जींनी दाखवलेलं नाही.